पाहुण्यांच्या दोन चाली

एक होत्या चंद्रावतीबाई, कोन गावच्या घरतांच्या. एक होते जगनशेठ, ओवे गावचे. एक होते भगवानशेठ, जगनशेठच्या बायकोचे सख्खे भाऊ. आणि एक होती रूपा, वीटभट्टीवरच्या काळूची आणि भागीची पोर. ह्या चौघांच्या मधोमध होतो मी. लाकडी मुठीचा, निळ्या पोटाचा, एवढासा. मी शिक्का बोलतोय. जिल्ह्याच्या बुद्धिबळ मंडळाचा शिक्का.

तुम्ही म्हणाल, बुद्धिबळाची गोष्ट राजानं सांगावी, वजिरानं सांगावी, शिक्क्याला त्यातलं काय कळतं? खरं आहे. मला खेळातलं फार कळत नाही. एवढंच काय, मला वाचताही येत नाही. माझ्या पोटावर अक्षरं आहेत, पण ती उलटी कोरलेली. दुसऱ्याच्या कागदावर सुलटी उमटतात, माझ्यापाशी मात्र उलटीच राहतात. पण ऐकलेलं मी विसरत नाही आणि हात ओळखतो. ज्यानं ज्यानं मला मुठीत धरलं, त्याचा हात मला आजही आठवतो.

माझा जन्म पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या एका टपरीतला. विठू नावाचा शिक्केवाला होता. त्यानं रबर कापलं, मुठीला चिकटवलं आणि विचारलं, मधे चित्र कशाचं टाकू? समोर तिघं उभे होते. जगनशेठ, भगवानशेठ आणि चंद्रावतीबाई. मंडळ नुकतंच निघालं होतं. जगनशेठ अध्यक्ष, भगवानशेठ उपाध्यक्ष, बाई सचिव. अध्यक्ष म्हणाले, राजा टाक. उपाध्यक्ष म्हणाले, वजीर टाक, खरी ताकद वजिराची. झालं, टपरीपुढंच दोघांची जुंपली. बाई विठूला हळूच म्हणाल्या, घोडा टाका. त्याच्यावर कोणाचा हक्क नाही. तेव्हापासून माझ्या पोटावर घोडा आहे.

आता ह्या दोन शेठांचं सांगताना मला त्यांच्यावर फार रागावता येत नाही. लहानपणी दोघं ओव्याच्या देवळाच्या पायरीवर खडूनं पट आखून खेळायचे. पुढं जमिनींचे भाव वाढले, बंगले झाले, गाड्या झाल्या, पण पटाची आवड गेली नाही. मंडळ निघालं ते त्याच आवडीतून. खोट एकच होती. दोघांनाही मधली खुर्ची हवी असायची.

काम सगळं बाईंच्या अंगावर. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई. सडपातळ, नऊवारी नाही, साधी पाचवारी साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत फॉर्म, पेनं, शाईचं पॅड, गुंडाळलेला प्लॅस्टिकचा पट आणि प्लॅस्टिकच्या डबीत मी. हॉल ठरवणं, टेबलं मांडणं, घड्याळं जमवणं, पोरांच्या आयांना पंख्याखाली बसवणं, सगळं बाई. स्पर्धा बहुतेक लग्नाच्या हॉलमध्ये व्हायच्या, कारण तिथं खुर्च्या भरपूर. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून लटकलेली, आणि खाली दीडशे पोरं गप्प बसून विचार करतायत. असा देखावा तुम्ही पाहिला नसेल. मी दरवर्षी पाहिला.

बाईंचा हात हलका. पण एक नियम होता. कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय त्या मला टेकवत नसत. कोरा कागद कोणी पुढं केला तर म्हणायच्या, आधी लिहून आणा. एकदा खुद्द अध्यक्षांना म्हणाल्या होत्या. शेठ चिडले, पण लिहून आणलं.

भट्टीवर जाणं बाईंनी आपण होऊन सुरू केलं. कोनच्या बाहेर विटांची भट्टी आहे. दिवाळी झाली की डोंगरातल्या वाड्यांवरची कातकरी माणसं तिथं येतात, पाऊस यायच्या आत परत जातात. पोरांची शाळा त्यात निम्मी बुडते. बाई दर गुरुवारी जायच्या, विटांच्या थप्पीवर पट अंथरायच्या. पोरं जमायची ती बिस्किटांसाठी. बिस्किटं संपली की पोरं पांगायची. एक तेवढी राहायची. रूपा.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं की, हा घोडाच तेवढा वाकडा का चालतो? बाई म्हणाल्या, त्याची रीत तशी. रूपा म्हणाली, मग तो बाकीच्यांना दिसत नसेल कुठून आला ते.  परतीच्या रिक्षात बाई स्वतःशीच हसत होत्या. मी पिशवीत होतो, मला ते हसू ऐकू आलं.

पट बाई परत घेऊन जायच्या, मग बाकीचे सहा दिवस पोरीनं खेळायचं कशानं? तिनं विटांच्या चिखलाच्या सोंगट्या केल्या. राजा, वजीर, उंट, हत्ती, सगळे बत्तीस. वाळवून, विटांच्या फटीत ठेवून भट्टीतच भाजले. अर्धे तडकले, पुन्हा केले. मुकादम ओरडला. भागी, म्हणजे रूपाची आई, कमरेवर हात ठेवून म्हणाली की, घरी चूल पेटत नाय आन् ही हत्ती भाजते. पण दुसऱ्या दिवशी सोंगट्या फडक्यात बांधून ठेवल्या त्या भागीनंच. वर कोणी पाय देऊ नये म्हणून.

तीन वर्षांत रूपा बाईंना हरवायला लागली. मग पनवेलातल्या मोठ्या पोरांना. गेल्या वर्षी तिचं तेरावं पुरं व्हायच्या आत बाईंनी जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत तिचा फॉर्म भरला. तेरा वर्षांखालच्या मुली. पहिली येईल ती राज्याला जाईल, एकच जाईल. फॉर्म मोठ्यानं वाचला, माझा ठसा उमटवला. रूपा काळू वाघे. वर्ष संपलं की तिचं वय बसणार नव्हतं. ही तिची एकच संधी होती.

स्पर्धा लग्नाच्या हॉलमध्येच. खुर्च्यांना साटीनचे झगे, मागं मोठ्या गाठी. रूपाला तशा खुर्चीवर पाय खाली सोडून बसवेना. ती वर उकिडवी बसली, भट्टीवर बसते तशी. कोणाच्या तरी आईनं तक्रार केली. मिथुन नावाचा पंच होता, तरुण, बँकेत नोकरी करणारा. त्यानं नियमांचं पुस्तक उघडलं, शांतपणे पान पान पाहिलं आणि सांगितलं की, खुर्चीवर कसं बसावं ह्याबद्दल नियम नाही, बसू द्या. असा पंच. मला तो तेव्हापासून आवडतो.

उद्घाटन सकाळी नऊला होतं. पाहुणे, म्हणजे आमचेच दोन शेठ, आले दुपारी तीनला. तोवर पाच फेऱ्या होऊन गेल्या होत्या, शेवटची सहावी राहिली होती. पण उद्घाटन ते उद्घाटन. दिवा लागला, नारळ फुटला. जगनशेठ आणि भगवानशेठ व्यासपीठावरच्या नवरा-नवरीच्या सोफ्यावर जाऊन बसले, कारण दुसरी खुर्चीच नव्हती. मागून कोणीतरी विचारलं की ह्यात नवरी कोण, आणि दहा जण हसले. दोघांची तोंडं तिथूनच वाकडी झाली.

बुद्धिबळात एक रीत आहे. पाहुण्यांनी पहिल्या टेबलावर येऊन पांढऱ्याची पहिली चाल करायची. नुसती शोभेची. फोटो निघतो, टाळ्या पडतात. ती चाल ठेवायची की परत घ्यायची हे खेळणाऱ्याच्या मनावर. पण पाहुण्याची चाल परत घेतलेली मी तोवर पाहिली नव्हती.

पहिल्या टेबलावर त्या वेळी कोण बसलं होतं? पांढऱ्याकडे रूपा, काळ्याकडे मनस्वी, भगवानशेठची लेक. दोघींचे पाचपैकी पाच. जी जिंकेल ती राज्याला.

जगनशेठनी राजापुढचं प्यादं उचललं, दोन घरं पुढं ठेवलं. फोटो निघाला. फोटोवाला म्हणाला, भगवानशेठ, तुमीपण हात लावा. भगवानशेठ पुढं झाले, पण त्या प्याद्याला हात लावेनात. म्हणाले, भावजींची उष्टी चाल मी कशाला धरू? आणि त्यांनी वजिरापुढचं प्यादं उचलून दोन घरं पुढं सारलं. तोही फोटो निघाला. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा पांढऱ्याच्या दोन चाली झाल्या होत्या.

मिथुन पुढं आला आणि जागीच थांबला. एका पाळीत दोन चाली चालत नाहीत, एक परत घ्यायची. पण कोणाची? अध्यक्षांची घ्यावी तर अध्यक्ष पेटणार. उपाध्यक्षांची घ्यावी तर उपाध्यक्ष. बाई दुसऱ्या टोकाला पाणी वाटत होत्या. शेठ दोघंही एकमेकांकडे बघत उभे. घड्याळ बंद. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. मी पंचांच्या टेबलावर होतो, माझ्यासमोर झालेली गोष्ट आहे ही.

रूपानं हात पुढं केला. एक प्यादं मागं ठेवलं. दुसरं प्यादं मागं ठेवलं. मग घोडा काढला, पुढं ठेवला आणि घड्याळ दाबलं. म्हणाली, "त्या पावन्यांच्या चाली. ही माजी."

हॉल हसला. पोरांच्या आया हसल्या, पोरं हसली. आता नीट समजून घ्या. दोन चाली तिला फुकट मिळत होत्या. दोन्ही प्यादी मधोमध, झकास जागी. पंचच अडला होता, ती तशीच खेळली असती तर कोणी काही बोललं नसतं. तिनं त्या घेतल्या नाहीत. ही गोष्ट हॉलमध्ये एकाच माणसाच्या नीट लक्षात आली. ती म्हणजे समोर बसलेली मनस्वी. दोन्ही शेठांच्या लक्षात एवढंच राहिलं की, लोक हसले.

डाव तासभर चालला. रूपा जिंकली. मनस्वीनं उठून हात मिळवला, दोघींनी चालींच्या कागदांवर सह्या केल्या. आणि तिथून खरं राजकारण सुरू झालं.

भगवानशेठ म्हणाले, सुरुवातच चुकीची झाली, डाव धरायचा नाही. मिथुननं नकार दिला. तेव्हा ते मंडळातून बाहेर पडले आणि आठ दिवसांत त्यांनी दुसरं मंडळ काढलं. नाव जवळजवळ तेच. शिक्काही हवाच. ते विठूकडे गेले, जुनं प्रमाणपत्र दाखवलं आणि हुबेहूब दुसरा करून घेतला. तो माझा जुळा भाऊ. त्याच्या मंडळानं राज्याच्या संघटनेला पत्र पाठवलं, आमच्या जिल्ह्यातून मनस्वी.

आणि जगनशेठ? त्यांनी रूपाच्या पत्रावर सही करायचं नाकारलं. बाईंना म्हणाले की, भट्टीवरच्या पोरीनं चार लोकांत माझं प्यादं मागं ठेवलं, तिला मी राज्यावर पाठवू? बाईंनी समजावलं, नियम दाखवले. शेठ ऐकेनात. शेवटी म्हणाले, शिक्का मंडळाचा आहे, अध्यक्षाकडे द्या.  बाईंनी पिशवीत हात घातला, डबी काढून टेबलावर ठेवली आणि शिक्का दिल्याची पोच लिहून मागितली. शेठना पोच लिहावी लागली. बाई जाताना मागं वळून बघतील असं मला वाटलं होतं. बघितलं नाही. त्यांचा कणा तसाच आहे.

मग मी जगनशेठच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात. शेजारी चांदीचा रंग दिलेले कप, एका बाजूला संगमरवरी पट, सोंगट्यांसह, दिखाव्याचा, कोणी कधी न खेळलेला. माझ्या पोटावरची शाई सुकली. रबराला तडा जातो की काय असं वाटायला लागलं. कपाटातून मला दिसायच्या त्या शांतीबाई, शेठच्या बायको, भगवानशेठच्या धाकट्या बहीण. नवरा भावाचं नाव काढू देईना, भाऊ नवऱ्याचं. शांतीबाई दोघांमधे अडकलेल्या. तिकडून वहिनीचा फोन यायचा की, मनस्वीनं पटाला हात लावायचं सोडलंय, बापाशी बोलत नाही. शांतीबाई फोन ठेवून नुसत्या उभ्या राहायच्या.

राज्याच्या संघटनेचं उत्तर आलं. एका जिल्ह्याची दोन मंडळं चालणार नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत एकच पत्र द्या, दोन्ही गटांच्या सहीचं. नाहीतर जिल्ह्याची जागा रिकामी ठेवू. म्हणजे रूपाही नाही, मनस्वीही नाही.

शुक्रवार उजाडला. दुपारचे दोन वाजले असतील. ओटीवर कोणीतरी आलं. काळू होता. भट्टीचा दिवस मोडून, तीन रिक्षा बदलून, पोरीला घेऊन आला होता. चपला बाहेर काढल्या, डोक्याचा टॉवेल हातात घेतला. बाईंनी त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं की, काळू, तुझ्या पोरीनं काही चूक केलेली नाही, कुठं जाऊ नकोस. तो म्हणाला होता, "बाय, आमी रोज विटांना वाकतो. एक दिस मान्साला वाकलो तर काय झिजतं?"

जगनशेठ झोपाळ्यावर बसले होते. काळू म्हणाला, पोर अडानी हाय, माफ करा, पत्र द्या. रूपाला पुढं ढकललं. ती वाकली, पाया पडली, उभी राहिली. शेठ म्हणाले, बोल, चुकलं ना?

मला कपाटातून तिचा चेहरा दिसत होता. ती विचार करत होती, चाल करायच्या आधी करते तसा.

"पाया पडते ते तुमी वडील म्हनून," ती म्हणाली. "चाल नाय चुकली."

काळूनं डोळे मिटले. शेठ झोपाळ्यावरून उठले. पण ती थांबली नाही. सरळ कपाटापाशी आली, शांतीबाईंना विचारलं की हा पट घेऊ का. शांतीबाईंनी काच सरकवून दिला. रूपानं सोंगट्या मांडल्या, जगनशेठचं प्यादं पुढं केलं, भगवानशेठचं प्यादं पुढं केलं.

"शेठ, ह्यातलं एक मागं घ्यायचंच होतं. तुमचं घेतलं असतं तर त्यांच्यासमोर तुमचं नाक खाली. त्यांचं घेतलं असतं तर तुमच्यासमोर त्यांचं. मंग दोन्ही घेतली. दोघांचं सारखं."

 शांतीबाईंना हसू आलं. आधी पदरात, मग मोकळं. म्हणाल्या, "एवढा मोठा बंगला, दोन मंडळं, दोन शिक्के. आन् तुमचा मान सांभाळला तो ह्या पोरीनं. तुमाला तेवढं पन दिसलं नाय."

जगनशेठ पटाकडे बघत राहिले.  मग खुर्ची ओढून बसले. दोन्ही प्यादी मागं ठेवली, आपलं राजापुढचं प्यादं पुन्हा दोन घरं पुढं केलं. म्हणाले, "ही चाल आता मागं नको ठेवू."

"आता तुमचीच पाळी हाय," रूपा म्हणाली. "का ठेवू?"

ती समोर खुर्चीवर उकिडवी बसली. पंचवीस मिनिटांत शेठची मात झाली. त्यातली शेवटची दहा मिनिटं ते मोठ्यानं बोलत होते, अगं थांब, अगं इथं तो कुठून आला, असा कसा आला. ओव्याच्या पायरीवरचा मुलगा दिसला मला त्या वेळी. काळू दारात टॉवेल चुरगाळत उभा होता, त्याला कोणी चहा आणून दिला तेव्हा कुठं तो बसला.

इकडे शांतीबाईंनी फोन लावला होता. दादा, जेवायचं राहिलं तरी चालेल, पण आत्ता ये, मनस्वीला घेऊन ये. भगवानशेठ आले, साडेतीनला. रागातच आले. शर्टाच्या खिशात माझा जुळा भाऊ. भावजींकडे न बघता उभे राहिले. मनस्वीनं मात्र कोणाकडेच बघितलं नाही. ती थेट पटापाशी गेली आणि रूपाला म्हणाली, एकोणिसाव्या चालीला मी उंट मारला नसता तर तू काय केलं असतंस? रूपा म्हणाली, हत्ती मधे आणला असता. मनस्वी म्हणाली, मग मी वजीर इकडे. रूपा म्हणाली, मंग तुजा राजा उघडा. आणि दोघी जमिनीवरच बसल्या, संगमरवरी पट खाली घेऊन. महिनाभर न बोललेली पोर एका दमात बोलत होती. भगवानशेठ ऐकत होते. बघत होते.

पाच-सात मिनिटांनी मनस्वी मान वर न करता म्हणाली, "पप्पा, हिनं त्या दोन चाली ठेवल्या असत्या ना, तर मी वीस चालींत हरले असते. मी दुसरी आलेय. पहिली आले की जाईन."

भगवानशेठनी खिशातून शिक्का काढला. हातात फिरवला. बहिणीच्या तळहातावर ठेवला. एवढंच. माफी वगैरे काही बोलले नाहीत, तो त्यांचा स्वभाव नाही. फक्त विचारलं, पत्र कोण लिहिणार?

जगनशेठ म्हणाले, बाईंना गाडी पाठवा.

बाई आल्या, चार वाजून गेले होते. मिथुनही बँकेतून धावत आला. बाईंनी पत्र लिहिलं, मोठ्यानं वाचलं. दोघांनी सह्या केल्या, एका ओळीत, शेजारी शेजारी. मग बाईंनी कपाट उघडलं आणि मला हातात घेतलं. तो हलका हात. पॅडवर दोनदा टेकवलं, फुंकर मारली, आणि कागदावर ठेवलं. मला वाटलं होतं, सुकून गेलो, आता उमटणार नाही. उमटलो. घोड्याचं शेपूटसुद्धा. मिथुननं फोननं कागदाचा फोटो काढून पाठवला तेव्हा पाचला बारा मिनिटं होती.

माझ्या जुळ्या भावाचं काय, विचाराल. शांतीबाईंनी त्याला शिवणाच्या डब्यात ठेवलाय. त्याचा काय दोष होता? तोही रबराचाच, जिथं दाबतील तिथं उमटणार. पण एका जिल्ह्याला एक पुरे.

आता मी म्हातारा झालो. कडा झिजल्या, एक अक्षर पुसट येतं म्हणतात. नोंदणी सगळी फोनवर होते, वर्षातून चार-पाच वेळा मला बाहेर काढतात. त्याचं वाईट वाटत नाही. मला मुठीत धरणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की मला ज्या कागदावर टेकवता त्यावर नाव कोणाचं आहे ते आधी बघा. अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, मधल्या खुर्चीत कोण, हे त्या पोराला किंवा पोरीला कधी कळू नये. तिला तिची टेबलाची जागा कळली की झालं.

आणि रूपा? सांगलीला गेली ती. भागीनं पोरीच्या पिशवीत भाकऱ्या बांधल्या, बाई बरोबर गेल्या, मी पिशवीत. नऊ फेऱ्या. पहिल्या दोन हरली. संध्याकाळी बाईंच्या शेजारी बसून म्हणाली की, हितं सगळ्या पोरी लई वाचून येतात. बाई म्हणाल्या, तू बघून खेळ. पुढच्या सातांपैकी सहा जिंकली, एक बरोबरीत. राज्यात तिसरी. बक्षीस घेताना तिला स्टेजवर चढायला पायरी सापडेना, तर ती सरळ उडी मारून वर गेली.

तिथून आल्यावर पनवेलच्या एका मुलींच्या शाळेनं तिला वसतिगृहात जागा दिली. राहणं, जेवण, पुस्तकं आणि आठवड्यातून तीन दिवस शिकवायला चांगला खेळाडू. मनस्वी तिथंच सरावाला येते, दोघी भांडतात आणि खेळतात. वसतिगृहाला स्वयंपाकाला बाई हवी होती. शांतीबाईंनी भागीचं नाव सुचवलं. भागी आता साठ पोरींच्या भाकऱ्या करते, आणि आवारातल्याच खोलीत सगळं बिऱ्हाड राहतं. काळू शाळेची बाग बघतो. म्हणतो, झाडाला वाकलं तर झाड वर येतं, विटेचं तसं नाय.

यंदा दिवाळी झाल्यावर मुकादमाचा ट्रक वाडीवर गेला होता. काळूचं झोपडं बंद दिसलं. पत्ता काढत मुकादम शाळेच्या फाटकाशी आला आणि हॉर्न वाजवला. भागी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. त्याला पाणी दिलं, गूळ दिला, बायको-पोरांची खुशाली विचारली. म्हणाली, आमी नाय येत आता. ट्रक वळला, आणि काळूच्या बिऱ्हाडाची जागा रिकामी घेऊनच भट्टीकडे गेला.